प्रकृती जपणारे गुरुजी

आमच्या गावात थंडी कधी पडली हे कुणी कुणाला विचारत नसे. कापगते गुरुजींच्या गळ्यात मफलर आला की थंडी पडली. मफलर जाऊन डोक्यावर ओला रुमाल आला की उन्हाळा, आणि काखेत लांब दांड्याची काळी छत्री आली की पावसाळा. माणसानं ऋतूंना इतकं भ्यावं, आणि तेही साऱ्या गावाला दाखवून, हे मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. सौंदडजवळच्या त्या गावात आम्ही दोघं एकाच प्राथमिक शाळेत शिकवत होतो. शिवाय आमच्या घरांची मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्यापासून माझी सुटका ना शाळेत होती ना घरी.

‘प्रकृती जपा’ हे त्यांचं पालुपद. कुणी नमस्कार केला तरी उत्तर तेच. शाळेत खिचडी शिजली की ते आधी वास घेत, मग एक शीत उचलून बोटांत चिरडून पाहत, आणि मग घरून आणलेला आपला डबा उघडत. खडूची भुकटी छातीत जाते म्हणून फळा पोरांकडून पुसून घेत आणि तेवढा वेळ व्हरांड्यात उभं राहून लांब लांब श्वास घेत. भुकटी पोरांच्या छातीत गेली तर चालत असावी.

त्यांची बायको पारबता. मी तिला वहिनी म्हणायचे. घरची धानाची शेती तिच्या अंगावर, म्हैस तिच्या अंगावर, आणि गुरुजींचं पाणी कोमट आहे की गरम झालं हे बोट घालून बघणंही तिच्याच अंगावर. रोवणीच्या दिवसांतलं एक दृश्य मी दरवर्षी पाहिलं आहे. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखल, वरून पाऊस, पारबता आणि चार बाया ओळीनं वाकून धानाची रोपं रोवताहेत, आणि धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, छत्री उघडून गुरुजी उभे. तिथून ते सांगत, “पारबता, कमरेतून वाकू नको, गुडघ्यातून वाक. मणक्याले त्रास होते.” ती वर न पाहता म्हणायची, “हो जी.” दिवसभर मणक्याबद्दल बोलून संध्याकाळी गुरुजी दमलेले घरी येत, आणि पारबता त्यांच्या पायाला तेल चोळायला बसायची.

एका उन्हाळ्यात ती भिंतीपलीकडून मला म्हणाली, “बाई, छातीत भरून आल्यासारखं होऊन राहिलं. डाव्या हाताले बी कळ जाते.” मी म्हटलं, आजच्या आज गोंदियाला चल. ती म्हणाली, “हे म्हणतेत गॅस आहे.” गुरुजींनी तिला कोमट पाणी आणि श्वासाचा व्यायाम सांगितला होता. तिनं तो व्यायाम केला, म्हशीचं दूध काढता काढता. मिरग लागायच्या आधी, ऐन उकाड्यात, ती गोठ्यातच पडली. जीपमध्ये घालून गोंदियाला नेलं, पण ती वाटेतच गेली होती. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, आधी काही त्रास होता का. गुरुजी म्हणाले, “थोडासा गॅस होता.” मी शेजारीच उभी होते. त्या क्षणापासून मला त्या माणसाबद्दल जे वाटू लागलं त्याला राग म्हणणं कमी पडेल. मला त्यांची किळस आली.

आता पुढचं ऐका. बायको गेलेला माणूस चार दिवस सुन्न बसतो, जेवणावरून उठतो, निदान दाढी तरी वाढवतो. गुरुजींनी मात्र दुःखातून सावरण्याचं काम लगोलग हाती घेतलं. मोबाईलवर ते कुणा सुटाबुटातल्या व्याख्यात्याला ऐकत असत. दुःख म्हणजे ओझं, ते धरून बसणारा स्वतःवर प्रेम करत नाही, असं काहीसं तो सांगायचा. गुरुजींचं स्वतःवर प्रेम नाही असं त्यांच्या शत्रूनंही म्हटलं नसतं, पण त्यांना ते पटलं.

आमच्याकडे मयताच्या घरी बाई गेली की आधी घरच्या बाईच्या गळ्यात पडून मोकळ्या गळ्यानं रडते. मग तोंड धुते, पाणी पिते, आणि मग बोलायला बसते. पारबताची थोरली बहीण सोनामावशी चोरखमाऱ्याला राहायची. म्हातारी गाड्या बदलत, पदरानं घाम पुसत आली आणि दारातच तिनं टाहो फोडला. गुरुजी आतून हात वर करून आले. पोरांना गप्प करताना करत तसा. “सोनाबाई, आमच्या घरात रडायचं नाही. वातावरण नकारात्मक होते. दोन-चार दीर्घ श्वास घ्या.”

मावशीचा टाहो अर्ध्यात थांबला. “कायले?” तिनं विचारलं.

“मन हलकं होते.”

म्हातारीनं पदर सावरला. मग वळून पायरी उतरली आणि माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, “बाई, इथं रडलं तं चालते का?” मी म्हटलं, रडा. तेव्हा कुठं ती रडली. आवाज ऐकून पारबताची मुलगी वैशाली धावत आली आणि मावशीच्या गळ्यात पडली. आईला जाळून आल्यापासून ती पोरगी पहिल्यांदा रडत होती.

त्यानंतर तेरवीपर्यंत जे आलं ते गुरुजींच्या घरी हात जोडायचं आणि रडायला माझ्या ओट्यावर यायचं. माहेरची माणसं आली, रोवणीच्या बाया आल्या. मी चहाचं पातेलं मोठं ठेवत होते. गुरुजी भिंतीपलीकडून ते ऐकत असणार, कारण त्यांनी मोबाईलवर बासरी लावून आवाज वाढवलेला असायचा.

वैशाली ही त्यांची एकुलती एक. गोंदियाला वसतिगृहात राहून शिकत होती, शेवटचं वर्ष होतं. ते अर्धवट सोडून ती घरी आली. का, तर बाबांना गॅस पेटवता येत नव्हता आणि पाणी किती कोमट करायचं हे त्यांनाच सांगता येत नव्हतं, ते फक्त चाखून “हे नाही” एवढंच म्हणत. पोरीनं आईचं घर अंगावर घेतलं, म्हैस घेतली, शेती घेतली. आणि आईसाठी झुरायची मात्र तिला मनाई होती. जेवताना डोळे भरले तर गुरुजी ताट सरकवून म्हणत, “अशानं अन्नाचं विष होते.”

बैठकीत पारबताचा फोटो लावला होता तो एके दिवशी उतरला. त्या जागी गुरुजींनी स्वतः रंगीत खडूंनी एक तक्ता काढून लावला. ऋतूप्रमाणे मनाची निगा, असं वर वळणदार अक्षरात. उन्हाळ्याखाली ‘सोडणे’, पावसाळ्याखाली ‘भिजणे’, हिवाळ्याखाली ‘उमलणे’. आल्यागेल्याला ते पट्टीनं दाखवून समजावून सांगत. ‘भिजणे’ लिहिणाऱ्या या माणसानं अंगावर एक थेंब घेतलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

पण त्यांनी प्रयत्न केला, हेही सांगायला हवं. रोवणी सुरू झाली तशी गुरुजी अनवाणी पायांनी धुऱ्यावर फेऱ्या घालू लागले. छत्री अर्थातच उघडी. वैशाली आईच्या जागी बायांच्या ओळीत वाकलेली, आणि हे डोळे मिटून पावलं टाकताहेत. ओळीच्या टोकाला रेवताबाई होती. पारबताच्या जोडीनं तिनं उभा जन्म धान रोवलं होतं. तिनं विचारलं, “गुरुजी, काय करून राहिले जी?”

“मातीशी नातं जोडतो आहे.”

“नातं जोडाचं आहे तं इकडं या ना. चिखलात उतरा, रोपाची पेंडी धरा.”

“चिखलानं बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतेत, रेवताबाई.”

बाया वाकल्या वाकल्याच हसल्या. वैशालीही हसली, आणि आई गेल्यानंतरचं तिचं ते पहिलं हसू होतं. एवढं श्रेय मी गुरुजींना देते.

खरी गोष्ट साड्यांची आहे. पारबताकडे साड्या त्या किती असणार. लग्नाकार्याच्या एक-दोन, बाकी रोजच्या सुती, धुवून धुवून मऊ पडलेल्या. वैशालीनं ठरवलं होतं की पाऊस सरला, हातचं काम हलकं झालं की या साड्यांची वाकळ शिवायची. मोठी, अंगभर. मला तिनं ओट्यावर बसून सांगितलं होतं, “बाई, रात्री मले झोप नाही येत. मायच्या अंगाचा वास आहे त्या लुगड्याले. वाकळ झाली की मी झोपीन, अना मंग कालेजात बी जाईन.” त्या पोरीचं सगळं त्या वाकळीवर येऊन थांबलं होतं. मी म्हटलं, शिव, मी टाके घालायला येते.

गुरुजींच्या तक्त्यात जुन्या वस्तू घरात ठेवणं बसत नव्हतं. एके दिवशी वैशाली शेतावर गेली असताना भांडेवाली आली आणि गुरुजींनी तिला साड्यांचं गाठोडं देऊन स्टीलचा एक टोप घेतला. पोरगी आली तेव्हा टोप चुलीजवळ पालथा ठेवला होता. ते तिला म्हणाले, “बघ, जुनं गेलं, नवं आलं. किती हलकं वाटते की नाही?” वैशाली आल्या पावली मागं वळली. ती भांडेवालीला शोधत सौंदडपर्यंत चालत गेली आणि हात हलवत परत आली.

एक साडी वाचली, वैशालीच्या अंथरुणात होती म्हणून. हळदीच्या रंगाची, हिरव्या काठांची, पारबता रोवणीला नेसायची ती. पदराला चिखलाचे डाग होते, ते कधी निघालेच नाहीत. वैशालीनं ती धान साठवायच्या ढोलीमागं लपवली. आपल्याच बापाच्या घरात आईची साडी लपवायची, चोरी केल्यासारखी. मी तिला म्हटलं, माझ्याकडे आणून ठेव. ती म्हणाली, आता काही उरलंच नाही असं समजून बाबा शोधणार नाहीत. तिनं बापाला थोडं कमी ओळखलं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. बांबू आणि तणसाची, धानाच्या पेंढ्याची, बाई करायची, तिला जुनं लुगडं नेसवायचं आणि सकाळी सकाळी ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन जाळायची. खोकला घेऊन जा गे मारबत, मच्छर-ढेकूण घेऊन जा गे मारबत, ज्याला जे घरात नको ते तो ओरडतो. आणि मारबतीबरोबर जे गेलं ते परत गावात आणत नाहीत. तिच्या अंगावरची चिंधीसुद्धा नाही, कारण साऱ्या गावाची पीडा त्यात गेलेली असते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्या वर्षी मारबतीसाठी लुगडं मागायला पोरं दारोदार फिरली. मी फाटकी चादर दिली. गुरुजींनी काय दिलं ते मला माहीत नव्हतं.

सकाळी वैशाली माझ्या ओट्यावर चहा पीत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी गलका झाला आणि मारबत वळून आमच्याकडे येऊ लागली. आधी तिचं धड दिसलं. हळदीच्या रंगाची साडी, हिरवे काठ, पदराला डाग. पोरांनी हौसेनं पदर डोक्यावरून घेतला होता, पारबता घ्यायची तसाच. वैशालीच्या तोंडून एकच शब्द निघाला, “माय.” कप तिच्या हातातच होता, चहा सांडून पायावर पडला तरी तिला कळलं नाही.

आणि मारबतीच्या पुढं कोण होतं? स्वच्छ धुतलेला पांढरा झब्बा, काखेत छत्री, आणि आयुष्यात पहिल्यांदा घसा खराब होईल याची पर्वा न करता ओरडणारे कापगते गुरुजी. “दुःख घेऊन जा गे मारबत. आठवणी घेऊन जा गे मारबत.” मागं पोरं आनंदानं तेच ओरडत होती. मला वाटतं, त्या माणसाला खरोखरच वाटत होतं की आपण काहीतरी फार मोठं करतो आहोत.

वैशाली उठून मिरवणुकीमागं चालू लागली. मी तिच्या मागं. शिवेवर सडकेच्या कडेला मारबत उभी केली, कुणीतरी काडी ओढली, तशी वैशाली पुढं गेली आणि पदराला हात घालून साडी सोडू लागली. सगळे मागं सरकले. काडी विझली.

रेवताबाई हळूच म्हणाली, “पोरी, राहू दे वो. मारबतीचं परत नाही आणत.”

“मारबतीचं नाही हे. माझ्या मायचं आहे.”

मग गुरुजी बोलले. तक्त्यातली, त्या व्याख्यात्याकडून घेतलेली सगळी छापील भाषा गळून पडली होती. “फेक थे, वैशाली. साऱ्या गावची रोगराई लागून आहे तिले. घरात आणू नोको. मले काही झालं तं?”

मी तिथं होते, रेवताबाई होती, अर्धं गाव होतं. सगळ्यांनी ऐकलं. बायकोच्या शेवटच्या साडीपुढं उभं राहून या माणसाला आठवलं ते एवढंच, मले काही झालं तं. मी खाली थुंकले. शिक्षिकेनं असं करू नये, पण केलं.

वैशालीनं साडीच्या घड्या घातल्या, सावकाश, काठाला काठ जुळवून. “नाही आणत, बाबा,” ती म्हणाली. “शिवेबाहेर गेलेलं परत येत नाही ना? मंग मी बी नाही येत.”

ती गावाकडे वळलीच नाही. साडी छातीशी धरून, घरातल्या चपलांवर, कोहमाऱ्याच्या सडकेनं निघाली. रेवताबाई तिच्यासोबत गेली आणि चोरखमाऱ्याकडच्या गाडीत बसवून परत आली. इकडे लोकांनी उघड्या तणसाला आग लावली. गुरुजी हात पुढं करून उभे होते, थांबवायला की शेकायला, कोण जाणे.

दिवाळीनंतर मी चोरखमाऱ्याला गेले. मावशीनं साडी तिथल्या धरणाच्या पाण्यात धुवून, वाळवून ठेवली होती. तिच्या मनात कसली शंका आली असली तरी ती बोलली नाही. मधोमध पारबताची हळदी साडी आणि चहूबाजूंनी मावशीच्या लुगड्यांचे तुकडे, अशी वाकळ आम्ही तिघींनी उन्हात बसून शिवली. चिखलाच्या डागांवर वैशालीनं कुणाला टाका घालू दिला नाही. पुढच्या खेपेला मावशीनं सांगितलं की पोरगी आता सकाळपर्यंत झोपते. थंडी ओसरेपर्यंत ती कॉलेजातही जाऊ लागली होती.

गुरुजींचा हिवाळा काही उमलला नाही. मफलर आला, पण पाणी कोमट करायला कुणी नव्हतं. म्हैस विकली. शेत दुसऱ्याला कसायला दिलं. फोन मात्र ते रोज करत, आणि आवाज मोठा ठेवत, म्हणून मला भिंतीतून ऐकू येई. “वैशाली, मले सर्दी झाली.” पलीकडून पोरगी शांतपणे म्हणायची, “प्रकृती जपा, बाबा,” आणि फोन ठेवायची. मला त्यात आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

नंतर माझी नोकरी संपली, मी गोंदियाला मुलाकडे राहायला आले. पण गाव सोडण्याआधी अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. अक्तीला आमच्याकडे पितरांना जेवू घालतात, आणि वर्षात गेलेल्या माणसाला त्या दिवशी पितरांत मिळवून घेतात. त्याला घरी बोलवायचं, नवी घागर भरायची, पान वाढायचं. वैशाली पारबताचं पान मावशीकडे वाढणार होती. तिनं मला बोलावलं होतं, म्हणून उन्हं चढायच्या आत मी सडकेवर गाडीची वाट पाहायला गेले.

शिवेवर, जिथं मारबत जाळली होती तिथं, गुरुजी उभे होते. पुढ्यात जमिनीवर पत्रावळ. भात होता, करपलेले वडे होते, आंब्याचं पन्हं होतं, आणि शेजारी नवी घागर. सगळं स्वतः रांधलेलं दिसत होतं, बोटाला चिंधी बांधलेली होती.

मी विचारलं, “गुरुजी, पान घरी नाही का वाढलं?”

“वाढलं होतं,” ते म्हणाले. “मंग उचलून आणलं. थे घरी येईन कशी, बाई? मारबतीसंगं धाडली ना मी तिले. गावात नाही येता येत तिले.”

आठवणी घेऊन जा म्हणून याच माणसानं याच जागी गळा फोडला होता.  ते माझ्याकडे पाहत राहिले, माझ्याकडून एखादा शब्द येईल म्हणून. मी सडकेकडे तोंड फिरवलं. गाडी आली, मी चढले आणि खिडकीशी बसले.

तिथं झाड नाही, उघडं रान आहे, आणि ऊन भाजत होतं. गुरुजींनी छत्री उघडली होती. ती त्यांनी खाली वाकून पानावर धरली होती, गुडघ्यातून नाही, कमरेतून वाकून. डोकं उघडं होतं, रुमालही नव्हता. दया वगैरे मला आली नाही, रागच आला. पारबता उभा जन्म जिथं पावसात भिजत वाकली ती बांधी तिथून हाकेच्या अंतरावर होती.